कॉम्प्युटरने काढलेली चिठ्ठी

डिसेंबरमधल्या पालक सभेत सगळे निघून गेल्यावर एक आई थांबून राहिली. बुरख्याचं टोक बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "सर, आपके कम्प्यूटर को मेरी बेटी का नाम मालूम है क्या?"

मला आधी हसू आलं. म्हटलं, "आपा, सगळ्या मुलांची नावं आहेत त्यात. तो कुणाला ओळखत नाही, म्हणून तर नंबर काढायचं काम त्याला दिलंय."

ती म्हणाली, "वो रोज रात को सबक पढके रखती है. बोलती है, कल मेरा नंबर निकलेगा. अगस्त से बोल रही है."

घरी गेलो तरी ते 'अगस्त से' डोक्यातून जाईना.

थोडं मागचं सांगतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, उर्दूचेही काही तास घेतो. आमच्या मुलांना मराठी कळते. बाजारात, दवाखान्यात ती बोलतातही. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायचं म्हटलं की मात्र 'ळ' आणि 'ण' घशात अडकतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं. म्हणून माझ्या तासाला रोज चार मुलं उभी राहून धडा वाचतात. याला मी फार महत्त्व देतो. उद्या तहसील कार्यालयात, बँकेत, भरतीच्या मुलाखतीत जी मराठी लागणार आहे, तिची भीती इथेच मोडायची असते. बीएडला असताना सूक्ष्म अध्यापनात आम्हाला शिकवलं होतं की प्रश्न साऱ्या वर्गात सारखे वाटले पाहिजेत. प्रत्यक्षात शिक्षकाची नजर पुढच्या दोन बाकांवर आणि हात वर करणाऱ्यांवर जाते. माझीही जात होती. मुलं तोंडावर म्हणायची, "सर, आप हमेशा उसी को उठाते."

त्यावर उपाय म्हणून मी कॉम्प्युटर आणला. माझ्या जुन्या लॅपटॉपला विंडोज झेपेना, तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं आणि शेल स्क्रिप्टची तोंडओळखही करून दिली होती. शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आपण आज्ञा टाइप करतो. आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी जो शेल असतो, त्याचं नाव बॅश. त्यात रँडम नावाचा एक तयार शब्द आहे. कॅपिटल अक्षरांत लिहून आधी डॉलरचं चिन्ह लावायचं, की प्रत्येक वेळी ० ते ३२७६७ मधला कुठला तरी आकडा मिळतो. मला वर्गातला नंबर हवा होता. म्हणून त्या आकड्याला वर्गाच्या पटाने भागायचं आणि बाकी घ्यायची. बाकीसाठी शेलमध्ये टक्क्याचं चिन्ह वापरतात. टक्केवारी काढण्यात हयात गेलेल्या माणसाला त्या चिन्हाने पहिल्याच दिवशी गोंधळात टाकलं, ते सोडा. पट किती हे मी हाताने लिहिलं नव्हतं. नावांच्या फाइलमधल्या ओळी मोजणारी 'डब्ल्यूसी' नावाची आज्ञा आहे, ती ते काम करायची. नवीन मूल आलं की फाइलच्या शेवटी नाव लिहायचं, बाकी सगळं आपोआप.

चार महिने हे सुरळीत चाललं. मुलं खूश, मीही खूश. कुणी कुरकुरलं तर मी लॅपटॉपकडे बोट दाखवायचो.

त्या रात्री मी स्क्रिप्ट उघडली आणि तिला दहा हजार वेळा नंबर काढायला लावले. शेलमध्ये हे दोन-तीन ओळींचं काम आहे. आलेले आकडे 'सॉर्ट'ने क्रमाने लावायचे आणि 'युनिक'ला प्रत्येकाची मोजदाद करायला सांगायची. काही सेकंदांत यादी आली. १ ते ३९ पर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशेच्या आगेमागे. ४० समोर काही नाही. ४१ समोर काही नाही. म्हणजे शून्यसुद्धा नाही, ते आकडे यादीतच नव्हते.

ती मुलगी ४१ नंबरची.

आता गणित बघा. ४० ने भागलं तर बाकी ० ते ३९ येते, ४० कधीच येणार नाही. हे पाचवीतल्या मुलाला कळतं. मला जूनमध्येच दिसायला हवं होतं, कारण स्क्रिप्ट मधूनच शून्य नंबर काढायची आणि शून्य नंबरचं मूल वर्गात नव्हतं. तेव्हा मी काय केलं? 'शून्य आलं तर पुन्हा काढ' अशी एक ओळ वर चिकटवली. शून्य का येतंय, हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर बाकीत १ मिळवायचा राहिलाय हे लगेच लक्षात आलं असतं.

१ मिळवला आणि पुन्हा दहा हजार वेळा चालवली. ४० आला. ४१ अजूनही गायब.

इथे मला खरा घाम फुटला. फाइल उघडून बोटाने मोजलं तर नावं ४१. डब्ल्यूसीला विचारलं तर ती म्हणते ४०. अर्ध्या तासाने उलगडा झाला. ही आज्ञा ओळी मोजत नाही, ओळ संपल्याच्या खुणा मोजते. एंटर मारल्यावर जी न दिसणारी खूण पडते, ती. ऑगस्टमध्ये या मुलीचं नाव मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घाईत फाइलच्या शेवटी लिहिलं आणि एंटर न मारताच फाइल सेव्ह केली. डोळ्यांना नाव दिसत होतं. मोजणीत ते धरलंच जात नव्हतं.

एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन चुका, आणि दोन्ही यादीच्या शेवटच्या नावावर जाऊन पडल्या. हा योगायोग नव्हे. मोजणी शून्यापासून की एकापासून, शेवटचा धरायचा की सोडायचा, खूण पडली की नाही, या सगळ्या चुका यादीच्या टोकाला होतात. आणि आपल्या शाळांत यादीच्या टोकाला कोण असतं, हे हजेरीपट काढून बघा. आधी मुलगे, मग मुली, मग वर्ष सुरू झाल्यावर दाखल झालेली. या मुलीचे वडील भिवंडीत यंत्रमागावर होते. तिथलं काम सुटलं आणि कुटुंब ऑगस्टमध्ये आमच्या गावी आलं. ४० नंबरवालीही उशिरा आलेलीच, पण ती बडबडी. नंबर न लागताही हात वर करून वाचून घ्यायची, त्यामुळे तिचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ४१ नंबरची गप्प बसून वाट बघत राहिली. त्या चार महिन्यांत इतर प्रत्येकाचा नंबर सरासरी सात वेळा तरी लागला होता.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. नंबर लागला नाही, यादीत नाव आलं नाही, की आपल्या समाजात पहिला संशय नीयतीवर जातो. 'जानबूझके काटा होगा.' असा संशय येण्यामागे अनुभव आहेत, ते मी नाकारत नाही. समोरचा माणूस मात्र 'सोडत संगणकाने काढली' एवढं म्हणून मोकळा होतो, आणि त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपतो. माझ्या वर्गात या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या. माझी नीयत साफ होती आणि सोडत संगणकानेच काढली होती. तरीही एका मुलीला चार महिन्यांत एकही संधी नव्हती. तेव्हा नीयतीवर वाद घालण्यापेक्षा ती ओळ दाखवा म्हणणं जास्त उपयोगाचं आहे. कुणीही 'कॉम्प्युटरने काढलं' म्हटलं की विचारायचं: कोणत्या आज्ञेने, कोणत्या यादीतून, आणि शेवटच्या नावाचा नंबर लागतो का ते तपासलं का?

आपल्याला सोडत नवी नाही. हजच्या कुऱ्यासाठी नाव देऊन महिनोन्‌महिने वाट बघणारी घरं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. म्हाडाच्या घरांची सोडत असते, आरटीईच्या २५ टक्के जागांची असते. त्या सोडती मोठ्या यंत्रणा चालवतात, माझा रोख त्यांच्यावर नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहेत आपल्याच लहान संस्था: शिष्यवृत्ती वाटणारे ट्रस्ट, शिलाई मशीन देणाऱ्या कमिट्या, वसतिगृहं. अर्ज शंभर आणि जागा दहा, तेव्हा कुणाचा तरी भाचा लॅपटॉप घेऊन बसतो आणि नावं काढतो. भाचा प्रामाणिकच असतो, तसा मीही होतो.

अर्ज हजारांत गेले की आणखी एक खड्डा येतो. रँडम ३२७६७ च्या वर जात नाही, शून्य धरून एकूण ३२,७६८ शक्यता. माझ्या ४१ मुलांना त्याने फरक पडत नाही. काहींना ८०० संधी, उरलेल्यांना ७९९, चालतं. पण समजा अर्ज २०,००० आहेत आणि भाच्याने माझ्यासारखीच बाकी काढली. मग पहिल्या १२,७६८ जणांना दोन-दोन संधी मिळतात आणि उरलेल्या सव्वासात हजारांना एकेकच. अर्ज ४०,००० असले तर शेवटच्या ७,२३२ जणांचा नंबर कयामतपर्यंत लागणार नाही. इथेही मार बसतो तो शेवटच्यांना. ज्यांना खबर उशिरा मिळाली, ज्यांनी अर्ज शेवटच्या दिवशी भरला, ते. यात कुणी कुणाचं नाव कापलेलं नसतं आणि पडद्यावर कुठलीही चूक दिसत नाही.

हे फक्त कॉम्प्युटरचं दुखणं आहे असंही समजू नका. व्हिएतनाम युद्धासाठी कुणाला सैन्यात बोलवायचं, हे ठरवायला अमेरिकेने १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांची सोडत काढली. ३६६ तारखा, प्रत्येकीची चिठ्ठी एका निळ्या डबीत, डब्या काचेच्या बरणीत, आणि सगळं टीव्हीवर. पण डब्या महिन्यांच्या क्रमाने टाकल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या. वर्षअखेरच्या महिन्यांत, विशेषतः डिसेंबरात जन्मलेल्यांच्या चिठ्ठ्या जास्त करून लवकर निघाल्या. लवकर निघणं म्हणजे आधी बोलावणं. सगळ्या देशासमोर, हाताने काढलेल्या चिठ्ठ्या, तरी हे झालं. संख्याशास्त्रज्ञांनी ते दाखवून दिल्यावर पुढच्या सोडतीची पद्धत बदलावी लागली.

तर करायचं काय? नावं उचलायची असतील तर बाकी काढायच्या भानगडीतच पडू नका. लिनक्सवर 'शफ' नावाची आज्ञा आहे. शफल या शब्दाचं लहान रूप, पत्ते पिसण्यातलं शफल. तिला फाइल द्या आणि किती नावं हवीत ते सांगा. ती फाइल पिसून तेवढी नावं देते. शेवटच्या नावापुढे एंटर नसला तरी तिला चालतं आणि एकच नाव दोनदा येत नाही. (माझ्या स्क्रिप्टमध्ये एकाच तासाला एकाच मुलाचा नंबर दोनदा लागायचा. मुलांना त्यात फार मजा वाटायची, म्हणून मी तेही दुरुस्त केलं नव्हतं.) नंबरच काढायचे असतील तर बॅशच्या ५.१ आवृत्तीपासून एस-रँडम आलं आहे, त्याचा पल्ला ४२९ कोटींच्या घरात आहे. ऑक नावाचं साधनही लोक यासाठी वापरतात, पण जपून. त्यातलं रँडम सुरू करताना वेगळा आकडा दिला नाही तर ते घड्याळातल्या सेकंदावर चालतं. एकाच सेकंदात दोनदा चालवलंत तर दोन्ही वेळा तोच नंबर.

हिशेबाची गोष्ट आणखी वेगळी. शेलला अपूर्णांक कळत नाहीत. सहामाहीच्या निकालाला मी ५०० पैकी ३८७ गुणांची टक्केवारी काढायला लावली. आधी भागाकार, मग गुणिले १००. उत्तर शून्य. सगळा वर्ग शून्य टक्के! कारण ३८७ भागिले ५०० म्हणजे त्याच्या लेखी शून्य, आणि शून्याला शंभराने गुणून काय मिळणार? आधी १०० ने गुणलं आणि मग भागलं तर ७७ आले. खरं उत्तर ७७.४. वरचं उडवून टाकतो, जवळच्या पूर्णांकाकडे नेत नाही. ७७.९ असते तरी ७७ च दिले असते. टक्केवारीसाठी 'बीसी' वापरा, पण तीही ठरवून दिलेल्या घरापुढचं कापूनच टाकते. ऑकला छापायला सांगितलं की तो गोळाबेरीज व्यवस्थित करतो. जिथे ३५ टक्क्यांवर पास-नापास ठरतं, तिथे हे कुणाच्या घरात रडारड होण्याचं कारण असू शकतं.

सगळा वर्ग शून्य दिसतो तेव्हा आपण दुरुस्त करतो. जी चूक ओरडत नाही, तिची भीती बाळगायची. रोल नंबर ओळीत नीट लागावेत म्हणून मी ते तीन आकडी लिहिले होते: ००१, ००२ असे. बेरजेत ००८ आणि ००९ आले की शेल अडायचा, त्रागा करायचा. मी त्या दोघांचे गुण हाताने भरले आणि पुढे गेलो. पुढे मात्र तो अडत नव्हता आणि चुकत होता. आकड्याच्या आधी शून्य दिसलं की शेल त्याला आठाच्या पटीतला आकडा समजतो. सी भाषेकडून आलेली ही जुनी सवय आहे. आठाच्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत, म्हणून तिथे तक्रार. पण ०१० हा त्याला चालतो, आणि त्याचा अर्थ आठ. म्हणजे दहा नंबरच्या मुलाच्या नावापुढे आठ नंबरचे गुण, अकराच्या पुढे नऊचे. निकालपत्रकं वाटायच्या आदल्या दिवशी एका चौकस मुलाच्या गुणांवरून हे सापडलं. उपाय छोटा आहे. आकड्याच्या आधी १० आणि त्याला चिकटून हॅशचं चिन्ह लिहिलं, की हा दहाच्या पद्धतीतला आकडा आहे हे शेलला कळतं. आणि एक: इथे मी देवनागरी अंक लिहितोय, काळ्या खिडकीत मात्र इंग्रजी अंकच लागतात. तिला मराठी चारही कळत नाही आणि उर्दू चारही कळत नाही. तेवढा इन्साफ तिच्याकडे आहे.

अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिज्मींच्या नावावरून आला, हे आमच्या प्रत्येक शैक्षणिक जलशात एक तरी वक्ता सांगतो आणि टाळ्या घेतो. मीही सांगितलंय. पण ज्या मुलांसमोर सांगतो, त्यांना बाकी काढायची एक ओळ वाचता येते का, हे आम्ही बघत नाही. गणिताच्या तासाला भागाकाराची बाकी शिकवतात ती परीक्षेपुरती. ती बाकी कुणाचा नंबर लागणार हे ठरवते, हे त्यांना दाखवलं तर दहा मिनिटांत कळतं. मी जानेवारीत फळ्यावर ४१ आकडे लिहून दाखवलं. चूक माझी होती हेही सांगितलं आणि त्या मुलीची वर्गासमोर माफी मागितली. ती खाली मान घालून बसली होती. चौथ्या दिवशी शफने तिचा नंबर काढला. वाचताना 'ळ' दोनदा अडला, बाकी धडा तिने जवळपास पाठच म्हटला. इतके दिवस वाचून वाचून झाला असणार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत एक मराठी लेखनाचा वर्ग घ्यायचं ठरलंय. जागा बारा, नावं आताच तीसच्या वर. त्याची सोडत पालकांसमोर काढणार आहे. यादी नंबरांसह आठवडाभर आधी फलकावर लागेल आणि तिच्या शेजारी स्क्रिप्ट छापून. रँडमला सुरुवातीचा आकडा आपण दिला तर तो दर वेळी नंबरांची तीच माळ काढतो, त्यामुळे घरी बसून आकडे बदलत बदलत हवं ते नाव काढणं कुणालाही शक्य आहे. म्हणून तो आकडा मी ठरवणार नाही. सभेत पाच पालक एकेक अंक सांगतील, ते जोडून जो आकडा होईल तो टाकायचा. यादी बाराशेची नसून तीसची आहे, त्यामुळे इथे रँडमचा छोटा पल्ला पुरतो. बॅशची आवृत्तीही फलकावर लिहीन, कारण ५.१ पासून ही माळ बदलली आहे. नंतर कुणालाही तोच आकडा, तीच यादी, तीच आवृत्ती घेऊन घरी पडताळा घेता येईल.

त्या आईला सभेचा निरोप गेलाय. मुलीने नाव दिलंय, उशिरा दिल्यामुळे पुन्हा शेवटीच आलंय. तिच्या नावापुढे एंटर मारलेला आहे. मी दोनदा पाहिलं.